भाण गेले, गीझर आला

चतुर्थी उरकली, पाऊस ओसरला, की पणजी, म्हापसा, मडगाव, वास्कोतील इमारतींमधून छिन्नी-हातोड्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या सदनिकांचे रूप पालटण्याचा हा मोसम. गृहस्थ आणि गृहिणी दुकाने पालथी घालून टाइल्स निवडतात, रंगांचे तक्ते उलगडून वाद घालतात, फॉल्स सीलिंगमध्ये दिवे किती असावेत यावर घरात मतदानही होते. या साऱ्या खटाटोपात एका वस्तूचा विचार मात्र शेवटच्या दिवसापर्यंत कोणी करीत नाही. रंग सुकला, टाइल्स पुसून झाल्या, की मग कोणाला तरी आठवते, ‘अरे, जुना गीझर कामातून गेला आहे, जाता जाता एक नवा आणून टांगा.’ कंत्राटदाराचा माणूस दुकानातून मिळेल तो आणतो आणि मिळेल त्या जागी टांगतो.

आमच्या मते हा क्रम मुळातच उलटा आहे. सदनिकेतली पहिली टाइल फोडण्यापूर्वी ज्या गोष्टीचा निर्णय व्हायला हवा, ती गोष्ट म्हणजे स्नानाचे पाणी कशाने तापवायचे, कुठे तापवायचे आणि त्यासाठी तार, नळ व हवा यांची वाट कोणती ठेवायची. पाण्याचे, खाणींचे, रस्त्यांचे प्रश्न आ वासून उभे असताना अग्रलेखाच्या जागेत आम्ही गीझरची चर्चा का मांडली आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, घरातील इतर कोणतीही निवड चुकली तर पैसे जातात. ही निवड चुकली तर माणूस जातो, आणि तोही दाराला आतून कडी लावलेली असताना.

आमच्या जुन्या घरांतील न्हाणी आठवून पाहावी. घराच्या मागच्या अंगाला, विहिरीपासून चार पावलांवर, चुलीवर बसवलेले तांब्याचे भाण. खाली नारळीची पिडे, झावळ्या आणि करवंट्या. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी ते भाण चिंचेने घासून लखलखीत करायचे, त्याला फुलांची माळ घालायची, पाणी भरून ठेवायचे आणि पहाटे कारीट चिरडून अभ्यंगस्नान करायचे, हा संस्कार अजून पुष्कळांच्या घरी या ना त्या रूपाने टिकून आहे. आता भाणाच्या जागी प्लास्टिकची बादली आली असेल, पण तिलाही कोणी झेंडूची माळ घालतेच. भाणाची आरती ओवाळण्याचा आमचा इरादा नाही. त्या चुलीच्या धुराने कितीतरी बायकांचे डोळे आणि छाती अधू झाली, आणि ते पाणी शेंदणाऱ्या हातांची कोणी कधी विचारपूस केली नाही. गीझर आला हे चांगलेच झाले. पण त्या न्हाणीत एक गुण होता. कौलांच्या फटींतून धूर बाहेर जाई आणि दारे-भिंती अशा की बाहेरची हवा आत येई. जाळ कुठे आहे ते डोळ्यांना दिसे. सदनिकेने तो जाळ उचलून पाच फूट बाय सात फुटांच्या बंद खोलीत आणला, आणि धूर दिसत नाही म्हणून तो नाहीच असे आपण समजून बसलो.

‘गीझर’ हा शब्दच मोठा बोलका आहे. आइसलँडमध्ये जमिनीतून उसळणाऱ्या उकळत्या पाण्याच्या झऱ्यावरून तो आला. बेंजामिन वॉडी मॉगन नावाच्या लंडनमधील एका रंगारी गृहस्थाने १८६८ मध्ये गॅसच्या ज्योतीवर पाणी तापवणारे यंत्र तयार केले आणि त्याला हे नाव दिले. नळ सोडला की वाहते पाणी तापून येई. लोक थक्क झाले. मात्र त्या यंत्राला धुराडे नव्हते. जळालेल्या गॅसची हवा जिथे स्नान चालले आहे त्याच खोलीत कोंडे. दीडशेहून अधिक वर्षे झाली. तो दोष कधीच ओळखला गेला, त्यावर उपाय निघाले. आणि आज आपल्या सदनिकांत, इटालियन धर्तीच्या टाइल्स लावलेल्या भिंतीवर, सिलिंडरची नळी जोडून जी छोटी पेटी टांगली जाते, तिला बहुधा धुराडे नसते. म्हणजे मॉगनसाहेबांचा दोष जसाच्या तसा. फक्त पेटी चकचकीत झाली.

गॅसचा गीझर स्वस्त मिळतो, वीज गेली तरी चालतो, बिल कमी येते, ही कारणे आम्हांला ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. पण त्या पेटीत नेमके काय घडते याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे, तर स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकाच वेळी पूर्ण पेटवावेत इतका जाळ लागतो. न्हाणीघराचे दार लावून, आत पाच-सहा शेगड्या पेटवून कोणी स्नानाला बसेल काय? पेटीच्या आत ज्योत दडलेली असते म्हणून आपण तेच करतो. हा जाळ तासाला जवळजवळ एक किलो गॅस खाण्याच्या वेगाने चालतो, आणि एक किलो गॅस पुरता जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि फॉल्स सीलिंगमुळे आठ फूटच उंच उरलेल्या न्हाणीघरात सारी मिळून आठ घनमीटरच्या आसपास हवा असते. दहा मिनिटांचे एक स्नान म्हणजे त्यातील चौथ्या हिश्शातला प्राणवायू संपला. खिडकी बंद असेल तर दुसऱ्याच्या वाट्याला उरलेली हवा, तिसऱ्याच्या वाट्याला त्याहूनही उरलेली. घरातील सगळी मंडळी एकामागून एक आटोपली की शेवटी न्हाणीघरात कोण शिरते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. सर्वांचे डबे भरून झाल्यावर गृहिणीला वेळ मिळतो.

प्राणवायू अपुरा पडला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक. म्हणजे श्वास चालू असतो आणि तरीही शरीर गुदमरत असते. आधी डोके जड होते, मळमळते, भोवळ येते. ‘पाणी फार कढत होते, म्हणून चक्कर आली’ असे म्हणून अनेक घरांत ही सूचना झटकून टाकली जाते. मग एखाद्या दिवशी पाय लुळे पडतात, कडीपर्यंत हात पोचत नाही, आणि बाहेर नळाचा आवाज तसाच चालू राहतो. असे कोणी सापडल्यास दार उघडून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि इस्पितळात पोचताच डॉक्टरांना ‘न्हाणीघरात गॅसचा गीझर होता’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. नाहीतर तपासणी फेफरे आणि हृदयविकार यांच्याच वाटेने जाते आणि प्राणवायू देण्यात मोलाचा वेळ दवडला जातो.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी न्हाणीघरात नवे गॅसचे उपकरण बसवायचे तर ते पूर्ण बंदिस्त असले पाहिजे, म्हणजे जळायला लागणारी हवा बाहेरून घेणारे आणि धूर बाहेरच सोडणारे असले पाहिजे, असे बंधन घातले. भाड्याने दिलेल्या घरातील गॅसची उपकरणे दरवर्षी जाणकाराकडून तपासून घेणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य ठरवले. आपल्याकडे जुनी मंडळी गीझरला अजून ‘बॉयलर’ म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र बॉयलर म्हणजे दाबाखाली वाफ तयार करणारे भांडे. त्यासाठी १९२३ पासून कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि गोव्यात कारखाने व बाष्पके यांची तपासणी करणारे स्वतंत्र कार्यालयही आहे. कारखान्यातल्या बॉयलरला निरीक्षक आहे, प्रमाणपत्र आहे, मुदत आहे. ज्या बॉयलरखाली आपली मुले रोज सकाळी उघडी उभी राहतात, त्याला यांपैकी काही नाही. प्रत्येक न्हाणीघरात सरकारी निरीक्षक शिरावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. पण मग ती जबाबदारी आपली स्वतःची ठरते, आणि ती पार पाडण्याची वेळ भिंती फोडलेल्या असतात तेव्हाची असते.

ज्यांना गॅसच हवा, त्यांनी पेटी न्हाणीघराबाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा हवेशीर धुण्याच्या जागेत बसवावी आणि गरम पाणी नळाने आत आणावे. हे अवघड नाही. परंतु टाइल्स लागल्यावर ते अशक्य होते, कारण नळ भिंतीच्या आतून जायचा असतो. बाल्कनीला सरकत्या काचा लावून तिची खोली करणाऱ्यांनी ती बाल्कनी आता उघडी राहिलेली नाही हेही ध्यानात घ्यावे. राज्याच्या काही भागांत आता पाइपने गॅस येऊ लागला आहे. सिलिंडरच्या गॅससाठी बनवलेला गीझर त्या गॅसवर तसाच चालत नाही. त्याची नोझल बदलावी लागते आणि ते काम नाक्यावरच्या मिस्त्रीचे नव्हे.

तेव्हा विजेचा गीझर घेतला की सुटलो, असे समजणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. वीज धूर करीत नाही, पण ओल्या अंगाच्या माणसावर ती दया दाखवीत नाही. दोन किलोवॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर वीज घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. त्याला सोळा अँपिअरचे वेगळे प्लग-स्थान, जाड तांब्याची वेगळी तार आणि खरे अर्थिंग लागते. ‘खरे’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पुष्कळ जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात तार असते, पण ती कुठे पोचत नाही. इमारतीच्या पायथ्याशी पुरलेली पट्टी खाऱ्या हवेने केव्हाच गंजून तुटलेली असते. त्याहून वाईट म्हणजे काही वायरमन अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. दिवा लावून पाहिला तर तो पेटतो आणि गृहस्थाचे समाधान होते. पुढे कधी तो न्यूट्रल तुटला, की गीझरची धातूची टाकी, तिच्यातले पाणी आणि नळ यांत वीज उतरते.

पेटीतील खटका, ज्याला आपण एमसीबी म्हणतो, तो माणसाच्या रक्षणासाठी नसतो. तो तारेच्या रक्षणासाठी असतो. सोळा अँपिअरचा खटका पडण्यापूर्वी माणूस संपलेला असतो. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारी आरसीसीबी ही वेगळी वस्तू आहे, आणि त्या दोन आकड्यांत पाचशे पटींहून अधिक अंतर आहे. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात तिची किंमत एका बऱ्या शॉवरहून क्वचितच जास्त भरेल. तरी शॉवर येतो, ती येत नाही. जाता जाता आणखी एक. काम चालू असताना घरातील मंडळी तिथेच राहत असतील, तर त्या दिवसांत बादलीत रॉड सोडून पाणी तापवले जाते आणि बोट बुडवून ते तापले का ते पाहिले जाते. ज्यांना हा प्रयोग करायचाच आहे त्यांनी आधी प्लग उपटावा.

साठवणीच्या गीझरला एक छोटी झडप असते. आत दाब वाढला की ती थोडे पाणी बाहेर सोडते. पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत तापले की ते सुमारे एक पेलाभर फुगते, आणि त्या पाण्याला कुठेतरी जायला हवे. म्हणून झडप ठिबकते. नव्या टाइल्सवर डाग पडतात अशी तक्रार झाली की प्लंबर तिथे बूच मारून देतो आणि वर आपल्या हुशारीचे पैसे घेतो. थर्मोस्टॅट आणि त्यामागचा दुसरा रक्षक खटका बिघडला, तर त्या बुचाने सीलबंद झालेल्या टाकीचे काय होईल, याचा विचार त्याने केलेला नसतो. झडपेला एक बारीक नळी लावून ती जमिनीवरच्या जाळीपर्यंत आणली की डाग पडत नाहीत. फक्त हे टाइल्स लावणाऱ्याला आधी सांगावे लागते. तसेच भिंतीचे. पाण्याने भरलेला पंचवीस लिटरचा गीझर पस्तीस-चाळीस किलो वजनाचा असतो. नव्याने उभारलेली चार इंची आडभिंत आणि लाकडी गुट्टी एवढ्यावर तो लटकवणे म्हणजे डोक्यावर जाते टांगणे होय. आणि सुंदर दिसावे म्हणून गीझर फॉल्स सीलिंगच्या वर दडवणाऱ्यांनी निदान तिथे हात आणि डोके जाईल एवढे झाकण ठेवावे. दुरुस्तीसाठी सीलिंग फोडावे लागणार असेल, तर दुरुस्ती कोणी करीत नाही.

आता निवडीविषयी. दुकानदार आधी आकार विचारतो. आमचा सल्ला असा की गिऱ्हाईकाने आधी आपल्या पाण्याचा विचार करावा. गोव्याच्या नद्यांचे नळाने येणारे पाणी सामान्यतः मृदू आहे; पठारावर जसे गीझरमध्ये चुन्याचे थर साचतात तसे इथे फारसे साचत नाहीत. पण जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी थोडे आम्लधर्मी असते आणि ते धातू खाते. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात खारट पाणी लागते, तो तर धातूचा उघड शत्रू. नळाचे पाणी कमी पडून ज्यांच्या इमारतीत विहीर किंवा टँकर येतो, त्यांनी काचेचे अस्तर असलेली टाकी घ्यावी आणि तिच्यातील मॅग्नेशियमची कांडी दोन वर्षांनी काढून पाहावी. ती कांडी टाकीच्या ऐवजी स्वतः झिजते. झिजून संपली की टाकीची पाळी येते. बाहेरचे कवचही पत्र्याऐवजी प्लास्टिकचे असलेले बरे, समुद्रवारा पत्र्याला सोडत नाही. गच्चीवरील टाकीपासून आपण किती खाली राहतो हेही पाहावे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. वरच्या मजल्यावर नुसती धार असते म्हणून कोणी पंप बसवतो, आणि पंपाचा दाब गीझरवर छापलेल्या आकड्याच्या पुढे जातो.

आकार मोठा म्हणजे प्रतिष्ठा मोठी, हा समज सोडावा. साठ अंशांचे पंचवीस लिटर पाणी थंड पाण्यात मिसळले, तर अंगाला सोसेल असे चाळीस अंशांचे अठ्ठावन्न लिटर, म्हणजे तीन बादल्या होतात. त्याला वीज लागते सुमारे एक युनिट. आपल्या हवेत तिघांच्या कुटुंबाला हे पुरते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे पाहून लोक घेतात ते योग्यच, पण ते तारे पाणी किती भरभर तापते ते सांगत नाहीत. तापलेले पाणी तसेच ठेवले तर किती उष्णता गळून जाते, ते सांगतात. स्नानाआधी अर्धा तास गीझर लावून मग बंद करणाऱ्याला ताऱ्यांचा लाभ थोडा. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला पुष्कळ. सौर गीझर ही उत्तम गोष्ट, मात्र गच्ची एकट्याची नसते आणि आपल्याकडे गळती थांबवण्यासाठी बहुतेक गच्च्यांवर पत्रे चढले आहेत. सोसायटीने ठरवले तर पत्र्याच्या आराखड्यातच त्याची सोय होते. एकट्याने ठरवून भांडणच होते.

सोसायट्यांचा विषय निघालाच आहे. सदनिकेच्या नूतनीकरणाला ना-हरकत पत्र देताना त्या मलब्याची अनामत घेतात, लिफ्ट वापरण्याच्या वेळा ठरवून देतात, दुपारी दोन ते चार ठोकाठोक नको अशी अट घालतात. त्याच कागदावर आणखी दोन ओळी घालाव्यात: न्हाणीघरात धुराडे नसलेला गॅसचा गीझर बसवणार नाही, आणि काम संपल्यावर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून अर्थिंग मोजून घेतल्याचा दाखला देईन. इमारतीचे मूळ अर्थिंग ही तर सोसायटीचीच मालमत्ता. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, ते मोजण्याचा खर्च सभासदांमागे वाटून घेतला तर एका वेळच्या चहापाण्याइतकाही येणार नाही. वीज खाते नवी जोडणी देताना चाचणीचा अहवाल मागते. तीस वर्षांनी त्या घरातील सारी तार बदलली, तरी पुन्हा कोणी विचारत नाही. तो अहवाल अशा वेळी पुन्हा मागवण्याची पद्धत खात्याने घालून द्यावी.

आणि पर्यटन खात्याकडेही आमची एक मागणी आहे. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पाहुण्यांना खोल्या आणि सदनिका भाड्याने देणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. बार्देश आणि सासष्टीच्या किनाऱ्यावर अशा शेकडो सदनिका आज नटूनथटून सज्ज होत आहेत. तिथे येणाऱ्या पाहुण्याला त्या घराची खिडकी कोणती उघडायची, खटका कोणता, वास कसला, यांपैकी काही ठाऊक नसते. डिसेंबरच्या गारव्यात तो सारे बंद करून बराच वेळ गरम पाण्याखाली उभा राहतो. नोंदणीच्या आणि नूतनीकरणाच्या अर्जात ‘पाणी तापवण्याचे साधन कोणते, ते कुठे बसवले आहे, आरसीसीबी आहे काय’ असा एक रकाना घालायला खात्याला विधानसभेकडे जावे लागणार नाही. मोसम सुरू होण्यापूर्वी, याच महिन्यात, तो घालता येईल.